मॅग्नेशियम फ्लुओरीनकडे का जात नाही

नव्या एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींच्या मुलाखती घ्यायच्या असल्या की मी फळ्यावर एक षट्कोन काढते. वरच्या टोकाला ब्रोमीन, बरोबर समोर खालच्या टोकाला फ्लुओरीन. हे १-ब्रोमो-४-फ्लुओरोबेंझिन. आमच्या गोदामात त्याचे ड्रम रांगेनं उभे असतात. पहिला प्रश्न : यातला जास्त ध्रुवीय बंध कोणता? उत्तर चटकन येतं, कार्बन–फ्लुओरीन. आकडेही तोंडपाठ असतात. कार्बनची विद्युतऋणता २.५५, फ्लुओरीनची ३.९८, फरक १.४३. ब्रोमीनची २.९६, फरक फक्त ०.४१. दुसरा प्रश्न : यात टीएचएफ हा द्रावक आणि मॅग्नेशियम घातलं तर मॅग्नेशियम कोणत्या बंधात शिरेल? पहिल्या उत्तराच्या जोरावर बरेच जण म्हणतात, फ्लुओरीनच्या. काहींना पाठ केलेलं आठवतं आणि ते ब्रोमीन म्हणतात. पण ‘का?’ असं विचारलं की खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

यावरून मी कोणाला नापास करत नाही. कॉलेजात हा प्रश्न मलाही कोणी विचारला नव्हता. आपल्याकडे साखळी अशी शिकवली जाते : विद्युतऋणतेत फरक आहे म्हणून बंध ध्रुवीय, बंध ध्रुवीय म्हणून रेणू क्रियाशील. यातल्या पहिल्या कडीबद्दल वाद नाही. दुसरी कडी मात्र परीक्षेत टिकते आणि रिॲक्टरपाशी आल्यावर डगमगते. माझी नोकरीतली बरीच वर्षं ह्या दुसऱ्या कडीशी झटापट करण्यात गेली आहेत.

आमचा कारखाना लोटे परशुरामच्या एमआयडीसीत, मुंबई–गोवा महामार्गाला लागून. नैराश्यावर दिली जाणारी सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम ही औषधं बनवण्याच्या एका रूढ मार्गात वर सांगितलेल्या ब्रोमाइडपासून ग्रीन्यार अभिकर्मक करावा लागतो. व्हिक्टर ग्रीन्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०० साली लिऑनमध्ये असताना ही पद्धत प्रसिद्ध केली आणि १९१२ साली तिच्यासाठी त्याला नोबेल मिळालं. इतक्या वर्षांत तिचं मूळ रूप फारसं बदललेलं नाही. कोरडा ठणठणीत रिॲक्टर, आत नायट्रोजन, तळाशी मॅग्नेशियमचे टर्निंग, वर टीएचएफ, चिमूटभर आयोडीन. मग ब्रोमाइडचा छोटा हिस्सा, साधारण दहावा भाग, सोडायचा आणि थांबायचं.

हे थांबणं सगळ्यात अवघड. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो फुटून धातू उघडा पडेपर्यंत काहीच घडत नाही. घडायला लागलं की आयोडीनचा तपकिरी रंग जातो, द्रव गढूळ करडा होतो आणि तापमानाचा काटा आपोआप वर चढतो. प्लांटच्या भाषेत, बॅच पकडते. बॅच पकडली नसताना पुढचं ब्रोमाइड सोडत राहिलं, तर ते आत नुसतं साठतं. आणि मग कधीतरी सगळंच एकदम पेटून उठलं, तर ती उष्णता रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या ब्राईननं आवरत नाही. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणत. दहावीनंतर आयटीआय केलेले. साइट ग्लासमधून आत बघत ते म्हणायचे, “मॅडम, काटा हलला नाही, वॉल्व्ह उघडायचा नाही. वरून कोणाचाही फोन येऊ दे.” उत्पादनाच्या घाईत फोन येतच असत. काकांनी वॉल्व्ह उघडला नाही.

एका रात्रपाळीत त्यांनी मला विचारलं, “पण मॅडम, मला एक सांगा. ड्रममधे असतो तोवर हा माल किती गरीब. मॅग्नेशियम खाल्लं की पाण्याच्या थेंबालाही सोडत नाही. माल तर तोच ना?”

प्रश्न मोठा नेमका होता. माल तोच, कार्बनही तोच. पण ब्रोमीनला जोडलेला असताना त्या कार्बनवरून इलेक्ट्रॉनांचा ढग थोडा ब्रोमीनकडे सरकलेला असतो, म्हणजे कार्बनवर अंशतः धन भार. मॅग्नेशियम मधे शिरलं की शेजारी बदलतो. मॅग्नेशियमची विद्युतऋणता १.३१. आता कार्बनचं पारडं १.२४ नं जड. इलेक्ट्रॉन कार्बनकडे येतात आणि त्याच कार्बनवर अंशतः ऋण भार येतो. कार्बनच्या केंद्रकात आधी सहा प्रोटॉन होते, अजूनही सहाच आहेत. त्याचं वागणं फक्त शेजाऱ्यानं ठरवलं. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या कुठल्याही कार्बनकडे बघताना मी पहिल्यांदा हेच शोधते की याच्या शेजारी कोण बसलंय. प्लसवाला कार्बन आणि मायनसवाला कार्बन समोरासमोर आले तर नवा कार्बन–कार्बन बंध जुळण्याची शक्यता तयार होते. अर्धी औषधनिर्मिती या जुळणीवर उभी आहे. आमच्या प्रक्रियेतही पुढच्या टप्प्यावर हा मायनसवाला कार्बन सायनोथॅलाइड नावाच्या रेणूतल्या कार्बोनिलच्या कार्बनवर जाऊन बसतो. तिथे ऑक्सिजननं इलेक्ट्रॉन ओढून कार्बनला प्लस करून ठेवलेलं असतं.

आता काकांचा पाण्याचा थेंब. पाण्यातल्या ऑक्सिजन–हायड्रोजन बंधातला फरक ३.४४ वजा २.२०, म्हणजे तोही १.२४. योगायोग म्हणा, पण आकडा जुळतो खरा. तिथे हायड्रोजन प्लस, इथे कार्बन मायनस. कार्बन तो हायड्रोजन उचलतो आणि मेहनतीनं केलेल्या अभिकर्मकाचं फ्लुओरोबेंझिन होऊन जातं, ज्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. हिशेब साधा आहे. १८ ग्रॅम पाणी १७५ ग्रॅम ब्रोमाइडची कमाई बुडवतं. हजार लिटर टीएचएफ म्हणजे सुमारे ८९० किलो. त्यात ५०० पीपीएम पाणी असलं तर ते होतं ४४५ ग्रॅमच्या आसपास, आणि सव्वाचार किलोहून जास्त ब्रोमाइड वाया गेलं. ५०० पीपीएम म्हणजे अर्ध्या दशांश टक्क्याएवढं पाणी, डोळ्यांना दिसणारच नाही.

आणि आम्ही बसलोय कोकणात, जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत कागदसुद्धा ओलसर लागतो. टर्निंग घालायला मॅनहोल उघडलं की हवा आत शिरायला टपलेलीच. तरी खरा चोर बहुतेक वेळा हवेतला नसतो, तो परत वापरायच्या टीएचएफमधून येतो. टीएचएफ पाण्यात पूर्ण मिसळतं आणि नुसतं ऊर्ध्वपातन करत गेलं तर सुमारे पाच टक्के पाणी सोबत घेऊनच वर येतं. ते मॉलिक्युलर सीव्हवरून नेऊन, कार्ल फिशर उपकरणावर उरलेलं पाणी तपासून मगच रिॲक्टरकडे सोडायचं. क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखावर फ्लुओरोबेंझिनचं शिखर वाढलेलं दिसलं की मी प्रक्रियेच्या आधी टीएचएफच्या टाकीकडे बघते.

त्या फ्लुओरोबेंझिनमध्ये फ्लुओरीन जागच्या जागी असतं, ही गोष्ट लक्षात घ्या. इतकी उलथापालथ झाली, मॅग्नेशियम आलं, पाणी आलं, पण तो सर्वांत ध्रुवीय बंध कोणी हलवलासुद्धा नाही.

याचं उत्तर मला विद्युतऋणतेचा तक्ता मुळात कसा तयार झाला ते वाचताना मिळालं. लायनस पॉलिंगनं १९३२ साली तो मांडला तेव्हा त्यानं अणूंवरचे भार मोजले नव्हते. त्यानं बंध तोडायला लागणारी ऊर्जा बघितली. हायड्रोजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात, क्लोरीनच्या दोन अणूंमधला तोडायला २४३. सरासरी काढली तर हायड्रोजन–क्लोरीनला ३४० च्या आसपास लागायला हवेत. प्रत्यक्षात लागतात ४३१. हे वरचे नव्वदेक किलोज्यूल कुठून आले? पॉलिंग म्हणाला, दोघांच्या ओढीतल्या असमानतेतून. बंधाला थोडं आयनिक रूप आलं आणि त्यानं तो जास्त मजबूत झाला. ती जादा ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये बदलायला ९६.५ नं भागा, वर्गमूळ काढा, ०.९७ येतं. आजच्या तक्त्यात क्लोरीन ३.१६ आणि हायड्रोजन २.२०. फरक ०.९६.

म्हणजे आपण ज्याला ध्रुवीयतेचं माप समजतो ते जन्मानं बंधाच्या मजबुतीचं माप आहे. शाळेत विद्युतऋणता समजावताना रस्सीखेचीचं उदाहरण देतात. मला ते कधीच पटलं नाही. रस्सीखेचीत दोन संघ विषम असले तर खेळ लवकर संपतो. इथे ओढ जितकी विषम, तितका दोर चिवट होत जातो. बेंझिनच्या वलयावरचा कार्बन–फ्लुओरीन बंध तोडायला सुमारे ५२५ किलोज्यूल लागतात, कार्बन–ब्रोमीन तोडायला सुमारे ३४०. मॅग्नेशियम आपल्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन देतं आणि जो बंध तुटू शकतो तो तुटतो. कोण किती प्लस आहे हे तिथे कोणी विचारत नाही.

ज्या टीएचएफमध्ये हे सगळं चालतं, त्याचंच बघा. त्यात कार्बन–ऑक्सिजन बंध आहे, फरक ०.८९, म्हणजे कार्बन–ब्रोमीनच्या दुपटीहून जास्त. ग्रीन्यारचा मायनसवाला कार्बन त्याच्या गराड्यात तासन्‌तास राहतो, पण नेहमीच्या तापमानाला त्याच्या प्लस कार्बनला हात लावत नाही, कारण तिथून ऑक्सिजनला हुसकावणं परवडत नाही. उलट टीएचएफचा ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी मॅग्नेशियमच्या प्लस बाजूला देऊन अभिकर्मकाला सांभाळून घेतो. ध्रुवीयता दोन्ही ठिकाणी आहे, पण एकीकडे ती कामाला लागते आणि दुसरीकडे नुसती असते.

उलटं उदाहरण कार्बन डायऑक्साइडचं. हा रेणू सरळ रेषेत असतो, दोन्ही बाजूंच्या ओढी एकमेकींना रद्द करतात आणि अख्ख्या रेणूचा द्विध्रुव आघूर्ण शून्य भरतो. म्हणून काही मुलं त्याला अध्रुवीय म्हणून सोडून देतात. पण मधला कार्बन दोन्हीकडून लुटला गेलेला असतो. ग्रीन्यारमध्ये कोरडा बर्फ टाकला की कार्बोक्सिलिक आम्ल मिळतं, प्रयोगशाळेतली ही जुनी, खात्रीची कृती आहे. आणि कार्बन मोनॉक्साइड तर तक्त्यालाच चकवतो. त्यात कार्बन २.५५, ऑक्सिजन ३.४४, तरी मोजून पाहिलं तर आघूर्ण जेमतेम ०.११ डिबाय, आणि मायनस टोक कार्बनचं! एवढ्यावर तक्ता फेकून द्यायचं कारण नाही. पण वजाबाकी केली म्हणजे निकाल लागला, असं समजणाऱ्यांसाठी हा रेणू मी राखून ठेवलेला असतो.

लोट्याला येण्याआधी मी दुसऱ्या एका कारखान्यात होते. तिथे सिप्रोफ्लॉक्सासिन व्हायचं, ज्याला घरोघरी नुसतं सिप्रो म्हणतात. त्याच्या शेवटच्या पायऱ्यांपैकी एक अशी : ज्याला प्लांटमध्ये क्यू-ॲसिड म्हणतात तो रेणू घ्यायचा आणि पायपरेझीनबरोबर तापवायचा. क्यू-ॲसिडच्या वलयावर शेजारी-शेजारी दोन हॅलोजन असतात, सहाव्या जागी फ्लुओरीन, सातव्या जागी क्लोरीन. पायपरेझीनचा नायट्रोजन प्लस कार्बन शोधत येतो. इथे बसतो तो क्लोरीनच्या जागी. सिप्रोच्या नावातलं फ्लुओरीन टिकून राहतं.

ग्रीन्यार शिकलेला माणूस पटकन म्हणेल, बघा, फ्लुओरीनचा बंध मजबूत म्हणून राहिला. पण तसं नाही, आणि हे प्रकरण मला ग्रीन्यारपेक्षा जास्त आवडतं. नायट्रो गट समोर असलेला फ्लुओरोबेंझिनचा रेणू घेतला आणि त्यावर मेथॉक्साइड सोडलं, तर फ्लुओरीन निघून जातं, तेही क्लोरीनच्या तुलनेत शेकडो पटींनी जलद. मॅग्नेशियमला दाद न देणारा तोच बंध! कारण या क्रियेत संथ पायरी असते ती आक्रमणाची. नवा पाहुणा कार्बनवर बसतो तो क्षण कठीण, जुना निघून जाणं त्यानंतरचं आणि सोपं. त्यामुळे कार्बन जितका प्लस, तितकं काम वेगात. बंधाच्या मजबुतीचा प्रश्न रांगेत मागे पडतो.

मग सिप्रोत क्लोरीन का जातं? जागेमुळे. सातवा कार्बन वलयात कार्बोनिलच्या बरोबर समोर येतो. कार्बोनिलची ओढ वलयातल्या फिरत्या इलेक्ट्रॉनांमार्फत थेट त्याच्यापर्यंत पोचते आणि आलेला ऋण भार ऑक्सिजनपर्यंत नेऊन मुरवते. सहाव्या कार्बनला ही सोय नाही. त्याच्या समोर नायट्रोजन आहे, जो इलेक्ट्रॉन घेण्याऐवजी देत बसतो. म्हणून फ्लुओरीन राहतं, पण पूर्ण राहत नाही. थोड्या रेणूंत पायपरेझीन सहाव्या जागी बसतं आणि क्लोरीन सातव्या जागी तसंच राहतं. ही अशुद्धी औषधकोशातही नोंदलेली आहे आणि तिच्यासाठी आमच्या क्यूसीत एचपीएलसी सतत चालू असायचं. तापमानावरचा ताबा थोडा ढिला पडला की ती वाढायची. दोन शेजारी जागांमधली चढाओढ इतक्या उघडपणे मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. साध्या एकेरी बंधांतून जाणारी ओढ फार लांब टिकत नाही. ब्युटानोइक आम्लाचा पीकेए ४.८२. क्लोरीन आम्लगटाच्या लगतच्या कार्बनवर बसवलं तर तो २.८६ पर्यंत घसरतो, म्हणजे आम्ल जवळजवळ शंभरपट तीव्र. एक कार्बन पुढे सरकवलं की ४.०५, आणखी एक पुढे की ४.५२. तीन पावलांत ओढ संपत आली. वलयातल्या फिरत्या इलेक्ट्रॉनांमधून जाणारी ओढ मात्र अंतराला जुमानत नाही. ती जागा बघते. समोर आणि लगत पोचते, मधल्याला वगळते. आम्लाचा पीकेए आणि सिप्रोची अशुद्धी एकाच तक्त्यावरून सांगता येत नाहीत, ते यामुळे.

ग्रीन्यारच्या टप्प्याची आमच्याकडची शिफ्टशीट काढून बघितली तर त्यात विद्युतऋणता हा शब्द कुठेही नाही. पाण्याची मर्यादा आहे, पहिल्या हिश्श्यानंतर काटा किती अंश चढला पाहिजे ते आहे, ब्राईनचं तापमान आहे. पण नवीन माणसाला शिकवताना मी शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्लस-मायनस काढून दाखवते. वॉल्व्ह का थांबवायचा हे कळलेला ऑपरेटर आणि नुसता नियम पाळणारा ऑपरेटर यांच्यातला फरक रात्री तीन वाजता कळतो. काकांना मी ते चित्र काढून दिलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे माल नाही बदलला, शेजार बदलला.” माझ्या मुलाखतींत इतकं नेमकं उत्तर क्वचितच मिळतं.

बारावीला शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात मेथिल हॅलाइडच्या बंधऊर्जा दिलेल्या आहेत : फ्लुओराइड ४५२, क्लोराइड ३५१, ब्रोमाइड २९३, आयोडाइड २३४ किलोज्यूल. त्यांच्याशेजारी विद्युतऋणतेतला फरक लिहून घ्या : १.४३, ०.६१, ०.४१, ०.११. दोन्ही रकाने एकाच दिशेनं उतरतात. मग मुलांना विचारा, मेथिल आयोडाइडमध्ये फरक जवळजवळ नाहीच, तरी या चौघांत अमाइनशी सगळ्यात लवकर तेच का जुळतं? आणि उत्तर यायच्या आत फळा पुसू नका.